मधोमध एक डाग

"ह्याच्यातही तेच आहे," असं म्हणून हे तिसऱ्या टीव्हीपासून जरा मागं सरले.

"काय आहे, साहेब?" लोहारांनी विचारलं. लोहार त्या दुकानात टीव्ही दाखवायच्या कामाला होते. तिशीचा शांत माणूस. केव्हापासून आमच्याबरोबर उभे होते, पण कपाळाला आठी नव्हती.

"चित्र मधेच विस्कटतंय. आणि ती खालची बातम्यांची पट्टी बघा. मधे खड्ड्यात गेल्यासारखी वाटत नाही?"

लोहारांनी पट्टी बघितली आणि मग माझ्याकडं बघितलं. मीही पट्टी बघितली. पट्टी आखून मारल्यासारखी सरळ होती.

ही कराडची गोष्ट. पौष महिना होता, उसाचा हंगाम भरात होता. आमचे हे, म्हणजे निवास घाडगे, एस.टी.त ड्रायव्हर होते आणि कराड-चिपळूण ही त्यांची नेहमीची गाडी. कुंभार्ली घाट इतक्या वेळा उतरला-चढला होता की घाटातल्या वळणांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. एक सासूचं वळण होतं, एक जावयाचं. मुलगी स्नेहल पुण्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी घराखालच्या खोलीत पिठाची गिरणी चालवायची. संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असायची, त्यामुळं टीव्ही मी बघण्यापेक्षा ऐकायचीच जास्त.

जुना टीव्ही डबा होता, स्नेहल शाळेत जायला लागली तेव्हाचा. दसऱ्यापासून यांची त्याच्याबद्दल कुरकुर सुरू झाली होती. माणसांची तोंडं पुसल्यासारखी दिसतात, क्रिकेटचा चेंडू दिसतच नाही. मेकॅनिक येऊन गेला. त्यानं मागचं झाकण उघडलं, धूळ झटकली, कसला तरी पार्ट बदलला. मला तरी चित्र बरं वाटलं. हे म्हणाले, "काही फरक नाही. पडदाच गेलाय ह्याचा." मेकॅनिक म्हणाला, मग नवा घ्या, ह्याचे पार्टही आता मिळत नाहीत.

मग यांनी तो विषय असा धरला की बस. डेपोतल्या लोकांना विचारून झालं, पेपरमधल्या जाहिराती कापून उशीखाली ठेवून झाल्या. फार महाग नको आणि अगदी स्वस्तातलाही नको, मधल्या किमतीचा पण टिकाऊ, असं त्यांचं म्हणणं. मला त्याचं हसूच यायचं. लग्नासाठी मुली बघायला गेले तेव्हासुद्धा इतकी चौकशी केली नसेल.

त्या दिवशी दुपारी त्यांची गाडी होती. म्हणून सकाळीच खाकी कपडे घालून, मला बरोबर घेऊन ते दुकानात आले. लोहारांनी तीन टीव्ही शेजारी शेजारी लावून दाखवले. एक कोरियन कंपनीचा होता, त्याचे रंग फार भडक. लाल साडी बघितली तर डोळ्यात खुपायची. दुसरा जपानी, थोडा लहान, पण माणसाचा रंग माणसासारखा. तिसरा आपल्याकडच्याच कंपनीचा, सगळ्यांत मोठा. आवाज खणखणीत, पण बाजूला उभं राहून बघितलं की चित्र काळवंडायचं. मला जपानी आवडला होता. यांनी सगळं विचारलं. दुरुस्तीचा माणूस कराडातच आहे की साताऱ्याहून येतो, वीज गेल्यावर पडद्याला काही होतं का, भिंतीला लावायचे स्क्रू बरोबर येतात का. एवढं विचारायचे आणि पुन्हा टीव्हीसमोर जाऊन उभे राहायचे. कधी जवळ, कधी लांब.

"केबलचा दोष असेल, साहेब," लोहार म्हणाले. "मी पेनड्राइव्हवरचं लावतो. ते अगदी स्वच्छ दिसतं."

तिन्ही टीव्हींवर एकच चित्र आलं. कुठल्या तरी मोठ्या शहरातली उंच इमारत, ओळीनं खिडक्याच खिडक्या. हे पुढं झाले आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"हे इथं. इथं राखाडी डाग आहे. खिडक्या आत वळल्यात बघा."

लोहारांनी खिशातलं फडकं काढून ती जागा पुसली. "आता बघा."

"आता..." हे थांबले. त्यांचं बोट हळूच उजवीकडं गेलं. "आता इथं आहे."

लोहारांनी तिथंही पुसलं.

"आता इथं," हे म्हणाले. बोट आणखी सरकलं होतं.

लोहारांचा फडक्याचा हात तिथंच थांबला. मी यांच्या मागं उभी होते. बोट जिथं जात होतं तिथं आधी त्यांची नजर जात होती, हे मला मागूनसुद्धा कळत होतं. डाग टीव्हीवर नव्हताच. हे जिथं बघतील तिथं तो जात होता.

कितीतरी गोष्टी एकदम आठवल्या. दसऱ्यापासून हे माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडं बघत नव्हते, कानाजवळ कुठंतरी बघायचे. मला वाटायचं, यांच्या मनात काहीतरी आहे. एकदा रागानं विचारलंही होतं, माझ्याबद्दल कुणी काही कान भरलेत का म्हणून. त्यावर नुसतं "काही नाही गं" म्हणाले होते.

तिथं उभ्या उभ्या मी एक गोष्ट केली. जन्मात कधी केली नव्हती. तोंड पुसल्याचं निमित्त करून पदराआड कपाळावरची टिकली काढली आणि मुठीत धरली. सवाष्ण बाईनं भर दिवसा, धडधाकट नवऱ्यासमोर असं करू नये, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"अहो," मी म्हटलं, "माझी टिकली आहे का हो कपाळाला? का पडली?"

हे वळले. माझ्यात आणि त्यांच्यात हातभर अंतर असेल.

"आहे की," ते म्हणाले. "कुठं जातीय?"

लोहारांनी माझ्या कपाळाकडं बघितलं आणि मान खाली घातली. थोड्या वेळानं हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, टीव्ही काही पळून जात नाही. एकदा डोळे दाखवून घ्या. मग निवांत या."

"डोळ्याला काही झालेलं नाही." यांचा आवाज चढला नाही, पण कोरडा झाला. "रोज गाडी चालवतो मी. चल शालन, माझी गाडी लागायची वेळ झाली."

बाहेर रस्त्यावर मी त्यांचा हात धरला. वीस-बावीस वर्षांच्या संसारात चारचौघांत कधी धरला नव्हता.

"आजच्या दिवस रजा टाका."

"आणि काय सांगू? टीव्ही वाकडा दिसतो म्हणून?"

"डोळे दुखतात म्हणून सांगा."

"पुढच्या महिन्यात तपासणी आहेच आमची. तेव्हा कळेल काय ते."

"आणि तोवर रोज घाट उतरणार?"

त्यांनी हात सोडवून घेतला. "दुकानात दिवे किती होते बघितलंस ना? तेवढ्या दिव्यांत कुणाचेही डोळे दिपतात. तू घरी जा. गिरणीवर लोकं खोळंबली असतील." आणि रस्ता ओलांडून निघाले. एक मोटारसायकल त्यांच्या अगदी अंगाजवळून गेली. मोटारसायकलवाला मागं वळून काहीतरी बोलला. हे न थांबता चालत राहिले.

मी घरी गेले नाही. टिकली पुन्हा कपाळाला लावली आणि त्यांच्या मागोमाग स्टँडवर गेले. सरळ कंट्रोलरच्या खिडकीशी उभी राहिले. सांगायचं एवढंच होतं, की निवास घाडग्यांना दिसत नाही, त्यांना गाडी देऊ नका. आत बसलेल्या माणसानं वर बघून विचारलं, "कुठं जायचंय, बाई?"

सांगितलं असतं तर त्या क्षणाला यांची नोकरी हातातून गेली असती, आणि तीही बायकोच्या तोंडून, सगळ्या डेपोसमोर. आणि समजा माझीच चूक असली तर? खरंच दिव्यांनी डोळे दिपले असले तर? त्या माणसानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "चिपळूणची गाडी कुठं लागलीय?"

गाडी भरत आली होती. दारात कंडक्टर मुल्लाणी उभे होते. यांच्याबरोबर कितीतरी वर्षं काढलेले, ईदला आमच्याकडं न चुकता शिरखुर्मा पाठवणारे.

"वहिनी, तुम्ही? चिपळूणला?"

"बहिणीकडं चाललेय," मी खोटंच सांगितलं. "यांना सांगू नका. तिथं उतरल्यावर बघतील."

मुल्लाणी हसले. त्यांना ती नवरा-बायकोची गंमत वाटली. त्यांनी मला दारालगतची, अगदी पुढची सीट दिली. तिथून समोरचा सगळा रस्ता दिसतो, आणि ड्रायव्हरही. माझ्या शेजारी एक लेकुरवाळी होती. गोबऱ्या गालांची, विशीतली. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं.

हे आपल्या बाजूच्या दारानं वर चढले. बसण्याआधी त्यांनी मागं वळून गाडीवर नजर फिरवली. ती नजर माझ्यावरून गेली. मी हसायचा प्रयत्न केला, कारण आता ओळखतील आणि रागावतील असं वाटलं. ते वळून सीटवर बसले आणि गाडी सुरू केली.

त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

मुल्लाणींनी दोरी दोनदा ओढली, घंटा वाजली आणि गाडी निघाली. उतरावंसं वाटत होतं. ओरडून गाडी थांबवावीशी वाटत होती. दोन्ही केलं नाही. समोरच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसले. यांनी गिअर टाकला की माझ्या पायाखालचा पत्रा थरथरायचा, आणि तो थरथराट पार दातांपर्यंत यायचा.

गाव सुटेपर्यंत ते नेहमीसारखेच चालवत होते. ब्रेक, हॉर्न, वळण, सगळं जिथल्या तिथं. थोडा जीव भांड्यात पडला. मग मला त्यांची मान दिसली. रस्ता सरळ होता तरी मान सरळ नव्हती. कोंबडी दाणा बघते तशी तिरकी, आधी एका बाजूला आणि थोड्या वेळानं दुसऱ्या. समोरचं बघायला ते डोळ्यांचे कोपरे वापरत होते.

"मावशी, जरा धरता का ह्याला?" शेजारची म्हणाली. पिशवीतनं तिला काहीतरी काढायचं होतं. "पहिल्यांदाच चाललोय आम्ही सासरला. बाळंतपणाला आले होते माहेरी."

मी बाळ घेतलं. उबदार आणि जड होतं, तोंडाला दुधाचा वास होता. तिनं पिशवीतनं टोपडं काढून त्याच्या डोक्याला बांधलं, तरी मी ते परत दिलं नाही. तीही बिचारी डोळे मिटून टेकली.

मल्हारपेठेच्या अलीकडं आमच्यापुढं उसाचा ट्रॅक्टर होता. मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबत होता. मला तो केव्हाचा दिसत होता. आता वेग कमी करतील, आता करतील, असं मी मनात म्हणत होते. ट्रॉली मोठी होत गेली. उसाची एकेक कांडी वेगळी दिसायला लागली. मी बाळाला छातीशी घट्ट धरलं. मग ब्रेक लागला. सगळी गाडी पुढं फेकली गेली. कुणाचा तरी डबा घरंगळत माझ्या पायाशी आला. उसाची पानं समोरच्या काचेला घासत होती.

"ओ ड्रायव्हर, जरा दमानं," मागनं कुणीतरी म्हणालं.

यांनी रुमालानं दोन्ही डोळे पुसले. मुल्लाणी पुढं येऊन हळूच म्हणाले, "काय निवासराव, झोप नाही झाली का?"

"ऊन डोळ्यावर येतंय," हे म्हणाले.

ऊन आमच्या डाव्या अंगाला होतं.

पाटण गेलं. चढण लागली तशी डाव्या बाजूला खाली कोयना नदी दिसायला लागली. एरवी हा रस्ता मला आवडायचा. त्या दिवशी मी एकदाही नदीकडं बघितलं नाही. समोर जे येईल ते यांच्या आधी मी बघत होते. म्हैस, सायकलवाला, डोक्यावर भारा घेतलेली बाई. प्रत्येकाला मी मनातल्या मनात बाजूला हो म्हणत होते. यांनी मधे आरशात बघितलं. आरशात मला त्यांचे डोळे स्वच्छ दिसले. ते माझ्यावर थांबले आणि पुढं गेले. आणि ह्याच्यापुढं तर अजून घाट होता. इथं निदान रस्त्याच्या कडेला शेत होतं, तिथं कडेला नुसती हवा होती.

कोयनानगरला गाडी चहासाठी थांबली. हे उतरले आणि टपरीच्या बाजूला जाऊन एकटेच उभे राहिले. हातात चहाचा ग्लास होता. बाळ त्याच्या आईकडं देऊन मी उतरले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ते मला वाट द्यावी तसे बाजूला सरले.

"अहो."

ग्लासातला चहा हिंदकळला. "शालन? तू इथं कशी?"

"कराडपासनं तुमच्यासमोर बसलीय. पुढच्या सीटवर."

त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बाळवाली?"

"शेजारची बाळवाली. बाळ माझ्याकडं होतं."

"मला वाटलं, कुणी बाई आहे."

"गाडी इथनं पुढं नेऊ नका."

"मला रस्ता पाठ आहे. डोळे झाकून नेईन मी."

"रस्ता पाठ असेल. रस्त्यावरची माणसं कुठं पाठ असतात?"

त्यांनी ग्लास टपरीच्या कठड्यावर ठेवायला हात पुढं केला. ग्लास कडेला लागला, पडला आणि फुटला. टपरीवाला म्हणाला, असू दे, असू दे. हे खाली पडलेल्या काचांकडं बघत राहिले, तेही तिरके.

"मी साताऱ्यालाही जाऊन आलोय," ते म्हणाले.

"कशाला?"

"टीव्ही बघायला. तुला बोललो नाही. सुट्टीच्या दिवशी गेलो होतो. त्याच्या आधी उंब्रजला गेलो, इस्लामपूरला गेलो. जिथं दुकान दिसेल तिथं आत जाऊन उभा राहायचो." त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला जवळ सरकावं लागलं. "वाटायचं, एखाद्या टीव्हीत तरी नीट दिसेल. एकात जरी दिसलं असतं ना, तरी आपला जुनाच खराब आहे म्हणता आलं असतं."

मला त्यांच्या उशीखालची कात्रणं आठवली. मी त्यांना हसत होते.

"रात्री झोप येत नाही," ते म्हणाले. "डोळे मिटले की घाट दिसतो, आणि त्यात तो डाग. डागाच्या मागं कोण उभं आहे ते कळत नाही."

मुल्लाणींनी लांबून हाक मारली. माणसं गाडीत चढायला लागली होती.

"तू इथं उतर," हे म्हणाले. "परतीच्या गाडीनं घरी जा."

"तुम्ही नेणार असाल तर मी बसणार."

"शालन, ऐक माझं. उतर."

"मग त्या बाळाला पण उतरायला सांगा."

ते गाडीकडं चालायला लागले. मी दारातनं चढून जागेवर बसले. खरं सांगते, त्या वेळी मला उतरून पळून जावंसं वाटत होतं. ते थांबतील याची मला खात्री नव्हती. माझ्या नवऱ्याला मी ओळखते असं मला वाटायचं, पण त्या घटकेला मी त्यांच्या पाठीकडं बघत होते आणि तो माणूस पुढं काय करेल हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या मुलीनं बाळ पुन्हा माझ्या मांडीवर दिलं. तिला पाणी प्यायचं होतं. मी नाही म्हणू शकले नाही.

यांनी गाडी सुरू केली. मुल्लाणींनी दोनदा घंटा दिली.

गाडी हलली नाही. यांचे हात स्टिअरिंगवर होते आणि नजर आरशात होती. आरशात गाडीतली सगळी माणसं दिसत असतात. मला तेव्हा कळलं की त्यांना कुणाचंच तोंड दिसत नसणार.

मुल्लाणींनी पुन्हा दोनदा घंटा दिली.

यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. सगळीकडं एकदम शांत झालं.

"मुल्लाणी, गाडी पुढं जाणार नाही."

"का? काय झालं?"

"मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"समोरचं," हे म्हणाले. "मधलं काहीच दिसत नाही मला. बरेच दिवस झाले."

मागच्या सीटवरचा एक गृहस्थ उभा राहिला. "दिसत नाही म्हणजे? मग इथवर कसं आणलंत आम्हाला?" एकजण म्हणाला, ह्याला पोलिसात द्या. दुसरा म्हणाला, अहो, थांबला ना तो स्वतःहून. एक म्हातारी देवाचं नाव घेत उतरायला लागली. मुल्लाणी सगळ्यांना समजावत होते, दुसरी गाडी बोलावतो म्हणत होते. मधेच ते माझ्याकडं वळले. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

तो "वहिनी" शेजारच्या मुलीनं ऐकला. तिनं आधी माझ्याकडं बघितलं आणि मग ड्रायव्हरच्या सीटकडं. तिला सगळं उमगलं. एक शब्द न बोलता तिनं बाळ माझ्या मांडीवरनं उचललं आणि जाऊन पार मागं उभी राहिली. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर ह्याहून जास्त केलं असतं.

हे खाली उतरून गाडीला पाठ टेकून उभे होते. उतरणारी माणसं त्यांच्यासमोरून जाताना काय काय बोलत होती. ते सगळं ऐकून घेत होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले. आमच्या दोघांत कोण जास्त घाबरलं होतं, मला सांगता येणार नाही. मागनं आलेल्या गाडीत जागा करून माणसं पुढं गेली. आमची गाडी न्यायला चिपळूणहून ड्रायव्हर यायचा होता. मुल्लाणी त्याच्यासाठी थांबले.

पुढचं थोडक्यात सांगते. दुसऱ्याच दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. यांना साखर होती, कैक वर्षांपासून असावी, आणि कधी कळलीच नव्हती. तिच्यामुळं दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना सूज आली होती. उजव्या डोळ्यातलं मधलं दिसणं गेलं ते गेलंच. डाव्यात इंजेक्शनं दिली, ती सुई डोळ्यात जाताना हे माझा हात असा धरायचे की वळ उठायचे. डावा बऱ्यापैकी वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर केला असता तर दोन्ही गेले असते. गाडी मात्र सुटली. चौकशी झाली, बरेच महिने घरी बसले, त्या दिवसांत मी गिरणी सकाळीही चालू ठेवायला लागले. मग त्यांना स्टँडवरच गाड्या पुकारायचं काम मिळालं. ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. टीव्ही पुढं स्नेहलनं पहिल्या पगारात आणला, कुठला ते आम्ही विचारलंही नाही.

आता तेही बरंच जुनं झालं. पण अजूनही कधी दुपारी गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि पायाखालची फरशी थरथरली, की माझे हात आपोआप काहीतरी धरायला जातात.

त्या दिवसाचं मात्र एक सांगायचं राहिलं. कोयनानगरहून आम्ही चिपळूणकडनं आलेल्या गाडीनं परत निघालो. ड्रायव्हर कुणी अनोळखी होता. त्यानं यांच्या खाकी कपड्यांकडं बघून मान हलवली, यांनीही हलवली. आम्हाला मधली सीट मिळाली. हे खिडकीशी बसले. मला आठवतं तसं प्रवासी म्हणून एस.टी.त बसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोपले नव्हते. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा, वळण सरेपर्यंत तसाच राहायचा, आणि पुढचं वळण आलं की पुन्हा. कपाळावर घाम होता. मी पदरानं पुसला तर नको म्हणाले नाहीत.

पाटणच्या अलीकडं गाडीचा वेग वाढला, तसा त्यांचा पाय दाबला गेला तो सुटेच ना. पोटरीची शीर ताठ झालेली मला दिसत होती.

"शालन," डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "पुढं कोण आहे का गं?"

मी वाकून समोरच्या काचेतनं नीट बघितलं.

"कोण नाही," मी म्हटलं. "मोकळा रस्ता आहे."

तेव्हा कुठं त्यांनी पाय सैल सोडला.